नाव सापडतं, गाव सापडेलच असं नाही : टॅगसूचीचं एक परीक्षण



दारात शिरताना फलकावरचा विषय वाचून एका काकांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, “टॅग म्हणजे गाईबैलाच्या कानात मारतात तो पिवळा बिल्ला का जी?” आम्ही म्हटलं, काका, बसा, तुम्हाला निम्मं व्याख्यान आधीच कळलंय. कानातल्या बिल्ल्यावर क्रमांक असतो, त्या क्रमांकाची नोंद दुसरीकडे असते. नोंद म्हणजे जनावर नव्हे, पण नोंदीवरून जनावरापर्यंत पोचता येतं. सोर्स कोडमधला टॅग तेच काम करतो. आज आम्ही त्याची तारीफ करायला आलेलो नाही, परीक्षण करायला आलोय. पुस्तकाचं, नाटकाचं परीक्षण होतं, तसं अवजाराचंही व्हायला हवं, कारण अवजार आपल्या वाचण्याला वळण लावतं.

आधी अवजार काय आहे ते सांगतो. कोणताही मोठा प्रोग्राम शेकडो-हजारो फाईलींत पसरलेला असतो. तुम्ही एका फाईलीत वाचत असता, मध्येच एका फंक्शनचं नाव येतं. ते लिहिलंय कुठे? सीटॅग्ज नावाचा प्रोग्राम सगळ्या फाईली एकदा चाळतो आणि ‘टॅग्ज’ नावाची एक साधी मजकुराची फाईल तयार करतो. दर ओळीत तीन गोष्टी : नाव, फाईल आणि त्या फाईलीत ते शोधायचं कसं. मग विम एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला, की तुम्ही थेट व्याख्येवर. कंट्रोल-टी दाबलं की परत मूळ जागी.

हे आजचं नाही. विल्यम जॉय यांचा व्हीआय एडिटर बर्कलीत १९७६च्या सुमाराला घडला, आणि सीटॅग्ज त्याच बर्कली युनिक्सच्या घरातलं. मूळ केन अर्नोल्ड यांनी लिहिलेलं. पुढे डॅरन हीबर्ट यांचं ‘एक्झुबरंट सीटॅग्ज’ आलं आणि अनेक भाषा ओळखू लागलं. त्याची ५.८ ही आवृत्ती २००९ची. त्यानंतर काम थंडावलं, तेव्हा इतरांनी ते उचलून ‘युनिव्हर्सल सीटॅग्ज’ म्हणून पुढे चालवलं. १९९१मध्ये विम देणारे ब्राम मोलेनार २०२३च्या ऑगस्टमध्ये गेले. ईमॅक्सवाल्यांची वाट वेगळी, त्यांचं ईटॅग्ज वेगळं, सूचीची मांडणी वेगळी, कल्पना मात्र तीच.

आता गुण. पहिला गुण आम्हाला फार आवडतो. सूचीत ओळीचा क्रमांक लिहिता आला असता : अमुक फाईल, ओळ ४१२. पण सीटॅग्ज फंक्शनसाठी सहसा ती ओळच जशीच्या तशी लिहून ठेवतं, शोधायचा नमुना म्हणून. का? वर चार ओळी वाढल्या तर ४१२ची ४१६ होते, आणि क्रमांक खोटा ठरतो. ओळीचा मजकूर तोच राहिला तर नमुना खराच राहतो. आपल्याकडे जंगलातला माणूस पत्ता सांगतो तो असाच. “चारशे पावलं चाल” असं कोणी सांगत नाही. “नाल्यापलीकडे मोहाचं जुनं झाड आहे, त्याच्या बुडाशी.” वाट बदलली तरी झाड राहतं.

दुसरा गुण, सूची अकारविल्हे लावलेली असते. म्हणजे आपल्या नव्हे, संगणकाच्या अक्षरक्रमाने. त्यामुळे एडिटर पहिल्या नोंदीपासून शोधत बसत नाही. मधली नोंद उघडतो, नाव आधी येतं की नंतर ते बघतो, अर्धी सूची टाकून देतो. दहा लाख नावं असली तरी वीसेक पायऱ्यांत उत्तर. म्हणूनच ही सूची जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवरही झटक्यात चालते. आणि तिला नेट लागत नाही. ब्रह्मपुरीच्या बाहेर दहा किलोमीटर गेल्यावर मोबाइलच्या रेघा कशा गळतात ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

इथपर्यंत कौतुक झालं. आता दोष, आणि ते सांगायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

आपल्याकडे एकाच नावाची दोन-तीन गावं असतात, म्हणून महसुली नावापुढे शेपूट लागतं : कुणी माल, कुणी चक, कुणी तुकूम. आणि चौथा प्रकार म्हणजे रीठ. दप्तरात गावाचं नाव आहे, शेतांचे सातबारे निघतात, पण वस्ती उठून गेलेली. तिथे जाऊन हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही. टॅगसूचीचे दोन दोष या चार शब्दांत मावतात.

रीठचा दोष असा. सूची तयार झाली त्या क्षणाची असते. नंतर कोणी ते फंक्शन काढून टाकलं, तरी सूचीत नाव राहतंच. विम तिथे जातो, नमुना मिळत नाही, मग जवळपास त्या नावाचं काही दिसतं का ते पाहतो, आणि मिळालं तर खाली एक सूचना येते. तिचा अर्थ : टॅग सापडला नाही, नुसता अंदाज करतोय. मंडळी, किती प्रामाणिक सूचना आहे! पण ती क्षणभर दिसते आणि आपण पुढे वाचत सुटतो. अंदाजाने आलेल्या जागेला आपण पक्का पत्ता समजतो. इथे दोष अवजाराचा कमी, आपला जास्त.

माल-चक-तुकूमचा दोष मात्र अवजाराचाच. सी भाषेच्या मोठ्या प्रकल्पात ‘इनिट’ नावाची किती फंक्शनं असतील? पन्नास असू शकतात. कर्सरखालच्या ‘इनिट’चा अर्थ या ठिकाणी कोणता, हे सीटॅग्जला माहीत नाही. विम काही नियम लावतो, चालू फाईलीतलं आधी, मग बाकीचं, आणि पहिल्यावर नेऊन सोडतो. इतर एकोणपन्नास आहेत याकडे घाईत लक्ष जात नाही. जी दाबून मग तीच उडी मारली तर एकाहून जास्त असल्यास यादी समोर येते. आमचं स्पष्ट मत आहे, शिकणाऱ्याने तीच सवय लावावी. यादी पाहिली की निदान कळतं, आपण निवड करतोय.

तिसरा दोष आम्ही स्वतः भोगला. लिनक्सचं कर्नल पेन ड्राइव्हवर आणलं होतं. सत्तर हजारांवर फाईली. उन्हाळ्याचे दिवस, ब्रह्मपुरीचा उन्हाळा, म्हणजे बसायचं रात्री. ठरवलं, फाईल वाचायची ‘रीड’ ही हाक कर्नलमध्ये नेमकी कुठे पोचते ते शोधू. पुस्तकात नाव होतं ‘सिस_रीड’. सरसकट सगळ्यांची सूची केली, नाव दिलं, उत्तर आलं : असा टॅग नाही. दोन रात्री आम्ही समजत होतो की आमची प्रतच अर्धवट आहे, आणि तिसऱ्या रात्री समजायला लागलो की आमची अक्कलच अर्धवट आहे.

झालं होतं असं, की कर्नलमध्ये ते फंक्शन त्या नावाने लिहिलेलंच नाही. ‘सिसकॉल_डिफाइन३’ नावाचा एक मॅक्रो आहे, त्याच्या कंसात पहिलं नाव ‘रीड’. पूर्ण नाव कंपायलरच्या आधीच्या टप्प्यात जोडलं जातं. सीटॅग्ज कंपायलर नाही. ते मजकूर चाळतं, मॅक्रो उलगडून बघत नाही. म्हणून सूचीत ‘सिसकॉल_डिफाइन३’च्या ढीगभर नोंदी होत्या आणि ‘सिस_रीड’ची एकही नाही. उपाय कर्नलवाल्यांनी आधीच करून ठेवलाय. ‘मेक टॅग्ज’ अशी आज्ञा दिली की त्यांची स्वतःची स्क्रिप्ट चालते, आणि तिच्यात सीटॅग्जला शिकवणी दिलेली आहे : असा मॅक्रो दिसला तर आतल्या नावाला ‘सिस_’ जोडून नोंद कर. आम्ही ती स्क्रिप्ट उघडून वाचली. खरं सांगतो, कर्नलबद्दल आम्ही जेवढं त्या शिकवणीच्या ओळींतून शिकलो, तेवढं उड्या मारून शिकलो नव्हतो. प्रकल्पातली माणसं नावं कशी घडवतात, हे त्यात लिहिलेलं असतं.

याहून अवघड उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी या कंपायलरच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं, ‘इसेन्शियल ॲब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ नावाच्या कार्यशाळा झाल्या. जीसीसी १९८७पासूनचं, सोर्स सगळ्यांना खुलं. मग ते समजून घ्यायला कार्यशाळा का लागावी? कारण खुलं असणं आणि वाचता येणं, या दोन गोष्टी आहेत.

जीसीसीत तुम्हाला ‘जेन_ॲडएसआय३’ अशा नावाचं फंक्शन वापरलेलं दिसतं. व्याख्या शोधायला जा, सोर्सच्या झाडात ती नाही. ती जीसीसी बांधताना एका दुसऱ्या प्रोग्रामने लिहिली जाते, प्रोसेसरच्या वर्णनाच्या फाईलीवरून. बरं, मग त्या वर्णनात ‘ॲडएसआय३’ शोधू. इंटेलच्या वर्णनात तेही नाही! तिथे ‘ॲड<मोड>३’ असा साचा आहे, त्या मोडच्या जागी एसआय, डीआय वगैरे भरले जातात. म्हणजे तिथे त्या नावाची व्याख्या कुठल्याही माणसाने टाइपच केलेली नाही. अशा ठिकाणी साध्या सूचीचा काही उपयोग नाही. तयार झालेल्या फाईलींचीही सूची केली तर व्याख्या मिळेल, पण ती यंत्राने लिहिलेली. तिच्यामागचा विचार साच्यातच. तो समजायला रचना माहीत असलेला माणूस लागतो. कार्यशाळा लागते ती यासाठी.

आता कोणी म्हणेल, हे जुनं झालं, २०१६पासून लँग्वेज सर्व्हर आलेत, ते कोड खरोखर समजून घेतात. बरोबर आहे. पन्नास ‘इनिट’मधला नेमका कोणता, हे ते सांगतात, आणि कोण कोण ते वापरतं हेही. व्याख्येवरून वापराकडे उलट जाणं टॅगसूचीला जमतच नाही. त्याला सीस्कोपसारखं दुसरं अवजार किंवा सरळ शोध लागतो. हा दोष आम्ही झाकत नाही. पण सी भाषेच्या सर्व्हरला आधी सांगावं लागतं की प्रकल्प कसा बांधला जातो, आणि मोठ्या प्रकल्पात तो मेमरी भरपूर खातो. शिवाय त्याला दिसतो तो एका वेळी एकच बांधणीचा कोड. कर्नलमध्ये एकाच फंक्शनच्या दोन व्याख्या असतील, एक या पर्यायासाठी, एक त्या, तर सर्व्हर चालू पर्यायातली दाखवतो. अडाणी टॅगसूची दोन्ही दाखवते. तिला काही कळत नाही म्हणून ती काही लपवतही नाही. शिकणाऱ्यासाठी हे थोडं नाही.

आमचा निकाल सांगतो. टॅगसूचीला पाय आहेत, डोळे नाहीत. पाय फार चांगले आहेत : हलके, नेटशिवाय चालणारे, चाळीसेक वर्षं टिकलेले. डोळे आपण द्यायचे. बिघडतं तिथे, जिथे आपण पायांनाच डोळे समजतो. उडी, उडी, उडी, सहाव्या फंक्शनला पोचल्यावर आठवत नाही निघालो कुठून. विम उड्यांची नोंद ठेवतो, पण तीही विसांपुरती. आणि परत येता येतं म्हणून निघालो कशासाठी ते कळत नाही.

हे आम्ही इथे का बोलतोय? इथली मुलं-मुली आम्हाला विचारतात, पुण्याला गेल्याशिवाय हे जमतं का जी? मोठे प्रकल्प वाचायला ऑफिस लागतं का, महागडं यंत्र लागतं का? आमचं उत्तर : वाचायला सुरुवात करायला एक जुना लॅपटॉप, एकदा उतरवलेला सोर्स आणि ही सूची पुरते. दुसरं उत्तर तितकंच खरं : तेवढ्याने समजत नाही. जे फंक्शन सापडत नाही ते का सापडत नाही, याचा शोध घेणारा माणूस शिकतो. आमच्या त्या तीन रात्री वाया गेल्या असं आम्ही म्हणत नाही. फक्त आम्हाला कोणी सांगितलं असतं की नाव न सापडणं हाही धडा असतो, तर आम्ही स्वतःला कमी लेखलं नसतं. आज ते तुम्हाला सांगून ठेवतोय.

घरी जाऊन एक करा. एखादा छोटा खुला प्रकल्प घ्या, सूची करा, आणि सूचीत नसलेलं पण कोडमध्ये वापरलेलं एक नाव शोधा. ते कुठून आलं, ते वहीत लिहा. पुढच्या वेळी वही घेऊन या.

आणि काका, बिल्ल्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त बिल्ला पाहून गाय दूध किती देते ते कळत नाही, एवढंच आमचं म्हणणं. नमस्कार.