'संन्यस्त खड्ग' आणि दुधाने धुतलेले आसन

मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो तेथे यंदा स्नेहसंमेलनात 'संगीत संन्यस्त खड्ग'चा पहिला अंक करावयाचे ठरले आहे. संहिता ग्रंथालयात आहे, पदे सर्वांच्या कानावर आहेत, गावात ऑर्गन वाजवणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. इतकी सोय झाल्यावर नाटक दुसरे कोणते निवडायचे? बुद्धाच्या भूमिकेसाठी जो विद्यार्थी निवडला गेला तो आमच्या वस्तीतला. त्याच्या आजोबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. मुलाचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. संहिता हातात पडल्यावर दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी बुद्धाचं काम करायचं, आणि शेवटी बुद्धच चुकला असं ठरायचं. करू का?"

हा लेख म्हणजे त्याला तोंडी न देता आलेले उत्तर आहे.

'संन्यस्त खड्ग' १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. लेखन वि. दा. सावरकरांचे, चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, आणि गायला मास्टर दीनानाथ. मराठी संगीत रंगभूमीला याहून तालेवार त्रिकूट क्वचितच मिळाले असेल. या नाटकातील पदे आजही मैफलीत ऐकू येतात, आणि 'शतजन्म शोधिताना' सुरू झाले की माझाही हात नकळत ताल धरतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. आमच्या टीकेला कान नसतात, असा एक प्रवाद आहे. कान आहेत. कानांवाटे जे आत येते त्याची झडती घेण्याची सवय मात्र आम्हाला उशिरा लागली.

कथानक थोडक्यात असे. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह बुद्धाशी वाद घालतो, अखेर खड्ग खाली ठेवतो आणि भिक्षू होतो. बरीच वर्षे लोटतात. कोसल देशाचा राजा शाक्यांवर चालून येतो. विक्रमाचा मुलगा वल्लभ नवपरिणीत पत्नी सुलोचनेला मागे ठेवून रणावर जातो. शेवटी म्हाताऱ्या विक्रमाला भिक्षूचे वस्त्र बाजूला सारून संन्यस्त केलेले खड्ग पुन्हा उचलावे लागते. नाटकात बुद्धाची टवाळी नाही. त्याला आदराने वागवले आहे, आणि मोठ्या अदबीने पराभूत केले आहे. टवाळी असती तर काम सोपे झाले असते.

हे बुद्धाचे नाटक नव्हे हे जाणत्या प्रेक्षकाला १९३१ मध्येच कळत होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात गांधी-आयर्विन करार झाला आणि त्याच महिन्यात भगतसिंगांना फाशी दिले गेले. राजकारणात भाग घ्यायचा नाही या अटीवर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. मराठी नाटकाला पुराणाचा बुरखा घालून सरकारशी बोलण्याची जुनी सवय होती. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ सालचे. त्यातला कीचक कोण हे सरकारला समजले, तेव्हा १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्याच रीतीने येथे गांधीजींच्या अहिंसेला चीवर नेसवले आहे. गांधींशी वाद घालण्याचा सावरकरांना पूर्ण अधिकार होता. आमच्याही पुढाऱ्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मणिभवनात गांधींशी तो घातला. फरक इतकाच की, बाबासाहेबांनी तो गांधींच्या समोर बसून घातला, त्यासाठी दुसऱ्या कोणाला चीवर नेसवून उभे केले नाही.

आता प्रेमकथेकडे येतो, कारण माझ्या मते या नाटकाची खरी करामत तेथे आहे. अहिंसा राष्ट्राला मारक आहे हा सिद्धान्त गद्य संवादांत येतो. तो तर्काने खोडता येतो, त्यावर चर्चासत्र घेता येते. पण वल्लभ-सुलोचनेचा विरह पदांत येतो. आत्ता कुठे सुख हाती लागले होते आणि देशाने हाक मारली! हे दुःख खरे आहे आणि ते सुरांत उतरले की प्रेक्षक त्यात विरघळतो. मग त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: या दोन कोवळ्या जिवांवर ही वेळ कोणी आणली? नाटक अलगद बोट दाखवते, ज्याने सेनापतीच्या हातून खड्ग काढून घेतले त्याच्याकडे. गद्याने जो निवाडा केला त्यावर सही पदांमुळे आलेल्या डोळ्यांतील पाण्याने होते. प्रेक्षक घरी जाताना पद गुणगुणतो, आणि निवाडाही त्याच्याबरोबर घरी जातो. देशभक्ती आणि प्रणय यांची अशी सांगड संगीत नाटकांनी पुष्कळदा घातली. परंतु येथे त्या सांगडीचे ओझे वाहायला जो हमाल लावला आहे तो बुद्ध आहे.

नाटकाचा प्रश्न 'शाक्य का हरले?' हा आहे. कोसलाचा राजा चालून का आला, या प्रश्नावर त्याचा भर नाही. पाली परंपरेत मात्र सगळी कथा त्या दुसऱ्या प्रश्नाची आहे. भद्दसाल जातकात आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत ती आली आहे. आमच्या किती पदवीधरांना ती ठाऊक असेल, मला शंका आहे. मला स्वतःला ती एम. ए. होईपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

कोसलाचा राजा पसेनदी याने शाक्यांकडे मुलगी मागितली. शाक्यांना कुळाचा ताठा जबर. मुलगी द्यायची नाही, पण बलाढ्य राजाला नाहीही म्हणवत नाही. कारण शाक्य हे कोसलाचे मांडलिक होते. देशभक्तीच्या नाटकात ज्याला स्वतंत्र राष्ट्र म्हणून गौरवले जाते त्याची राजकीय स्थिती ही होती. तेव्हा महानाम नावाच्या शाक्याने तोड काढली. नागमुंडा नावाच्या दासीपासून त्याला झालेली वासभखत्तिया ही मुलगी शाक्यकन्या म्हणून धाडायची. कोसलाच्या दूतांना संशय होता. बापाने मुलीबरोबर एका पात्रात जेवून दाखवावे, असे त्यांनी म्हटले. महानाम जेवायला बसला, त्याने एक घास घेतला, आणि ठरवून ठेवल्याप्रमाणे निरोप्याने पत्र आणून हातात दिले. तो पत्र वाचत राहिला, मुलगी जेवत राहिली. पोटच्या मुलीबरोबर दुसरा घास घ्यावा लागू नये म्हणून बापाने रचलेले हे नाटक! जगाच्या रंगभूमीवर याहून क्रूर प्रवेश मला आठवत नाही, आणि तो कोणाही मराठी नाटककाराला लिहावासा वाटला नाही.

तिचा मुलगा विडूडभ. सोळा वर्षांचा झाल्यावर तो हौसेने आजोळी आला. त्याला वंदन करावे लागू नये म्हणून त्याच्याहून लहान असलेल्या शाक्य कुमारांना आधीच बाहेरगावी पाठवले होते. तो परत निघाल्यावर, तो ज्या आसनावर बसला होता ते एक दासी दूधपाण्याने धुऊ लागली आणि दासीपुत्र येथे बसला म्हणून बडबडू लागली. भाला विसरला म्हणून परत आलेल्या शिपायाने ते ऐकले. सैन्यात बभ्रा झाला. विडूडभाने प्रतिज्ञा केली की, मी राजा झाल्यावर हे आसन यांच्या रक्ताने धुवीन.

शाक्यांचा संहार हा असा सुरू झाला. एका बाटलेल्या आसनापासून. आसन धुणारी बाईही दासीच होती, हा तपशील कथाकाराने सहज म्हणून टाकला असेल, पण आपण त्यावर थांबले पाहिजे. धुण्याचे काम कोणाकडे असते हे त्यालाही माहीत होते.

आणि बुद्ध? पसेनदीला ही फसवणूक कळली तेव्हा त्याने मायलेकांना पदावरून उतरवले. बुद्धाने त्याला समजावले की आईच्या जन्माला एवढे महत्त्व देऊ नये, आणि त्यांना पुन्हा मान मिळवून दिला. पुढे विडूडभ सैन्य घेऊन निघाला तेव्हा बुद्ध सीमेवर जाऊन विरळ सावलीच्या झाडाखाली बसला. विडूडभाच्या बाजूला गर्द वड होता. तो म्हणाला, इकडे या. आप्तांची सावली थंड असते, अशा अर्थाचे उत्तर बुद्धाने दिले आणि विडूडभ मागे फिरला. असे तीनदा झाले. नाटकातला बुद्ध शस्त्र काढून घेतो आणि निघून जातो. कथेतला बुद्ध सैन्याच्या वाटेवर उन्हात बसतो.

प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शाक्यांनी या युद्धात जीव न घेण्याचे व्रत पाळले, बाण मारले ते कोणाला न लागतील असे, हेही अट्ठकथेतच आहे. म्हणजे नाटककाराच्या हाती जो धागा लागला तो परंपरेतलाच आहे, त्याने तो हवेतून काढलेला नाही. शाक्यांनी पूर्वजन्मी नदीत विष कालवले होते म्हणून त्यांचा नाश झाला, असेही भाष्यकार सांगतात. पूर्वजन्माची ही पळवाट आम्हाला मान्य नाही. विष याच जन्मातले होते आणि ते दूधपाण्यात कालवलेले होते. नाटककाराने अहिंसेचा धागा उचलला आणि आसनाचा खाली ठेवला, एवढेच माझे म्हणणे आहे. 'उःशाप'सारखे अस्पृश्यतेवरचे नाटक लिहिणाऱ्या आणि रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे करण्यासाठी झटणाऱ्या लेखकाला हा धागा दिसू नये, याचे नवल वाटते. पुढे १९६३ च्या 'सहा सोनेरी पाने'त त्यांनी बौद्ध धर्मावर राष्ट्रघाताचा ठपका उघडपणे ठेवला. ते पाहिले म्हणजे नवल कमी होते.

विक्रमाच्या संन्यासाबद्दलही थोडे. बिंबिसाराचे सैनिक लढाई टाळण्यासाठी संघात शिरू लागले तेव्हा बिंबिसाराने तक्रार केली आणि राजसेवेतल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम बुद्धाने केला. तो विनयपिटकात आहे. म्हणजे ज्या प्रसंगावर हे सारे नाटक उभे आहे त्या प्रसंगाला संघाच्या दारातच अडवले गेले असते. याच विनयात दासालाही प्रव्रज्या नाकारणारा नियम आहे. तो आम्हाला टोचतो आणि टोचत राहील. पण त्याच विनयात शाक्य कुमार आपला ताठा मोडावा म्हणून उपाली न्हाव्याला आधी दीक्षा देण्याची विनंती करतात आणि मग त्याला वंदन करतात. लहान कुमारांना बाहेरगावी पाठवणारे शाक्य आणि न्हाव्यापुढे वाकणारे शाक्य, हे दोन्ही त्याच कपिलवस्तूचे.

सेनापतीचा प्रश्न बाबासाहेबांसमोरही होता. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीचा सेनापती बुद्धाला विचारतो की अहिंसा म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे काय, न्यायासाठीचे युद्धही निषिद्ध काय. बुद्ध सांगतो की तुमचा समज चुकीचा आहे, न्यायासाठी झगडणाऱ्यावर हिंसेचा दोष येत नाही. या प्रश्नाला रंगभूमीवर जे उत्तर मिळाले ते आणि निबंधात जे मिळाले ते, दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये तर सिद्धार्थाचे घर सोडणेच रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी होऊ घातलेल्या युद्धाला विरोध केल्यामुळे घडते. शाक्य संघाचे बहुमत विरुद्ध जाते. कुटुंबावर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल, या धमकीपुढे तो एकटा देशत्याग पत्करतो. पाणी आणि बहिष्कार! धर्मानंद कोसंबींनीही गृहत्यागाचा संबंध या पाण्याच्या भांडणाशी जोडला होता आणि 'बोधिसत्त्व' हे नाटकही लिहिले होते. ते आमच्या ग्रंथालयात नाही.

१९३१ च्या प्रेक्षागृहात बुद्ध हरला तेव्हा कोणाचे काही बिघडले नाही, कारण बुद्धाचा म्हणून तेथे कोणी बसलेलाच नव्हता. बाहेर नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. आमची माणसे देवळाच्या दारात होती, नाटकगृहाच्या दारापर्यंत यायची होती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरनंतर चित्र पालटले. नाटककाराने ज्याची कल्पना केली नव्हती असा प्रेक्षक या नाटकाला मिळाला, आणि यंदा तर त्यातलाच एक नट म्हणून उभा राहणार आहे. नाटकावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. बंदीची सवय ज्यांना आहे त्यांना ती लखलाभ. हे नाटक १९३१ मधला गांधींशी झालेला वाद म्हणून करावे, आणि अंकाच्या आधी विडूडभाची गोष्ट कोणीतरी पाच मिनिटांत सांगावी, असे मी संमेलन समितीला लेखी कळवले आहे. उत्तर आलेले नाही. समितीतल्या एका सहकाऱ्याने चहाच्या वेळी विचारले, "पण त्या गोष्टीत पद कुठे आहे?" प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता.

त्या विद्यार्थ्याला मी जातकातली कथा वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी त्याने पुस्तक परत केले आणि विचारले की महानाम पत्र वाचत असताना त्या मुलीला कळले असेल का. मी म्हटले, कथेत ते सांगितलेले नाही. तो म्हणाला, मग ते गाण्यात सांगावे लागेल. आजोबांची पेटी घरी आहे, भाते फाटले आहेत, ते दुरुस्त करायला त्याने शनिवारच्या बाजारी दिले आहेत. तालमी सोमवारपासून आहेत. बुद्धाच्या भूमिकेबद्दल त्याने अजून होकार दिलेला नाही.