मुखपृष्ठाचं तोंड कुणाकडे?

पुस्तकाचं मुखपृष्ठ सुंदर आहे असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो – कुणाला सुंदर? हा प्रश्न समीक्षकांना रुचत नाही. त्यांच्या लेखी सौंदर्य म्हणजे पाऊस. सगळ्यांच्या छपरावर सारखाच पडतो. पण छपरं सारखी नसतात, हे ज्याचं गळतं त्यालाच ठाऊक.

आपण कवितेवर, कथेवर, आत्मकथनावर रात्ररात्र भांडतो. मुखपृष्ठावर कुणी तोंड उघडत नाही. ते चित्रकाराचं नि प्रकाशकाचं काम, आपण फक्त लिहायचं. माझं म्हणणं असं, की वाचक पुस्तकाचं पहिलं वाक्य मुखपृष्ठावरच वाचतो. आणि ते वाक्य बहुतेक वेळा आपण लिहिलेलं नसतं.

मराठी मुखपृष्ठाची गोष्ट निघाली की दोन नावं हमखास येतात. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केलं. मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना चेहरा दिला. दोघांचाही हात मोठा होता, ते नाकारण्यात शहाणपण नाही. उलट त्यांच्याकडून शिकावं. रहस्यकथेचं मुखपृष्ठ घटनेच्या ऐन मध्यावर थांबतं. पिस्तूल रोखलेलं, गोळी सुटलेली नाही. चित्र प्रश्न टाकतं आणि उत्तर आत ठेवतं. खिशात मोजकेच पैसे असलेला माणूसही मग ते उचलतो. मुखपृष्ठाच्या ओढीचं हे पहिलं गमक. सगळं सांगून टाकणारं चित्र पुस्तक उघडू देत नाही.

पण त्याच काळातल्या दिवाळी अंकांवरची बाई आठवा. गोरी, सडपातळ, भरजरी, हातात तबक. चित्र देखणं होतं. फक्त ती आपल्या घरातली नव्हती. आपल्या आयाबहिणी त्या चित्रात कुठं आहेत म्हणून बघावं, तर त्या चौकटीच्या बाहेर. ज्याला ती आपली वाटली त्याने अंक घरी नेला. ज्याला वाटली नाही, त्याला 'तुला अभिरुची नाही' म्हणून सांगण्यात आलं.

मग आपली पुस्तकं आली. 'बलुतं' १९७८, 'उपरा' १९८०, 'अक्करमाशी' १९८४, 'जिणं आमुचं' १९८६. चौकटीबाहेरची माणसं पानांत शिरली. आता ती मुखपृष्ठावरही येतील असं वाटलं होतं. आलीसुद्धा. पण कशी? एखाद्या मोठ्या दुकानात 'दलित साहित्य' अशी पट्टी लावलेल्या फळीपुढे उभे राहा आणि मोजा. भेगाळलेली जमीन. भेगाळलेली टाच. झाडू. मडकं. आणि एक काळी आकृती, बहुधा पाठमोरी. मूळ पुस्तक असो, निवडक संग्रह असो, इंग्रजी अनुवाद असो, गणवेश तोच. कुणा एका प्रकाशकाचा हा दोष नाही, हे वळणच पडलं आहे.

झाडू खोटा नाही, टाचही खोटी नाही. वेदना आपलीच आहे. माझा आक्षेप त्या आकृतीच्या पाठीला आहे. ती पाठमोरी का? कारण ते मुखपृष्ठ आपल्याकडे तोंड करून उभंच नाही. समोर एक गिऱ्हाईक धरलेलं आहे, ज्याला कळवळा यावा, आणि कळवळा येताना कुणी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. आपण तिथं वाचक नाही, आपण नमुना आहोत. दया पवारांच्या पुस्तकात मुंबईचा कावाखाना आहे, तमाशा आहे, स्वतःला न सोडणारा उपरोध आहे. भेगाळलेल्या टाचेत हे कसं मावणार? बेबी कांबळे दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या, आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मला कुणी काढायला सांगितलं, तर मी एक बाई काढीन. तागडीपुढे बसलेली, हातात रद्दीचा कागद, नजर कागदात. दुःख सांगायला मडकं लागत नाही. चोरून वाचावं लागणं हे केवढं दुःख आहे! आणि केवढी ताकद!

हा रोग एकट्या मराठीचा नाही. आफ्रिकेतल्या लेखकांच्या इंग्रजी पुस्तकांवर पुन्हा पुन्हा तेच बाभळीचं झाड आणि तोच भगवा सूर्यास्त असतो. २०१४ साली कुणीतरी अशी मुखपृष्ठं एकाशेजारी एक मांडून दाखवली, तेव्हा जगाच्या लक्षात आलं. देश वेगळे, कथा वेगळ्या, झाड एकच. अमेरिकेत २००९ साली जस्टीन लार्बलेस्टियर हिची 'लायर' ही कादंबरी यायची होती. नायिका काळ्या वंशाची, आखूड केसांची. मुखपृष्ठावर छापली लांब सरळ केसांची गोरी मुलगी. लेखिकेनेच जाहीर आक्षेप घेतला, वाचक खवळले, आणि ब्लूम्सबरी प्रकाशनाला चित्र बदलावं लागलं. काळा चेहरा विकला जात नाही, हे पुस्तकांच्या धंद्यातलं जुनं पालुपद. ते कुणी तपासून बघितलेलं नसतं. आधी काळा चेहरा छापायचा नाही, आणि मग तो खपत नाही म्हणायचं.

आपला चेहरा खपतो की नाही, हे बघायचं असेल तर ६ डिसेंबरला दादरला या. शिवाजी पार्कवर जेवढी पुस्तकं विकली जातात, तेवढी बघून भल्याभल्या दुकानदारांना घाम फुटेल. मी काही वर्षं तिथं स्टॉलमागे उभा राहिलो आहे. तिथला हिशोबच वेगळा. दुकानात पुस्तक फळीवर उभं असतं, त्याचा नुसता कणा दिसतो. इथं पुस्तक टेबलावर किंवा चादरीवर आडवं असतं, तोंड वर करून. वाचक उभा, मागून गर्दीचा रेटा, हातात पिशवी, कडेवर पोर. नजर पडायला दोनचार क्षण. त्यात आधी चेहरा दिसतो, मग नावाची अक्षरं, मग किंमत. बारीक नक्षीची अक्षरं तिथं मरतात. 'कलात्मक' म्हणून कोपऱ्यात ढकललेलं शीर्षक कुणी वाचत नाही.

एका वर्षी परभणीकडच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. अक्षरओळख नाही. बाबासाहेबांवरच्या चार पुस्तिका उलटसुलट केल्या नि एक उचलली. म्हटलं, "आई, हीच का?" म्हणाल्या, "नातवाला हेच दे, बाबा. ह्यात बाबासायब लिवायलेत." बाकीच्या तिन्हींवर बाबासाहेब नुसते उभे होते. कुठल्या कला-महाविद्यालयात न शिकवलेली चित्रसमीक्षा त्या बाईंनी एका वाक्यात केली. चित्रातला माणूस काय करतो आहे, आणि माझ्या नातवाने काय करावं, हे तिने जोडून घेतलं. मुखपृष्ठाची ओढ म्हणतात ती हीच. रंगाची ओढ नव्हे. ह्या पुस्तकात माझ्यासाठी जागा आहे, ही खूण पटणं.

आता घरचं उणं. आपली मुखपृष्ठं धुतल्या तांदळासारखी आहेत काय? संसदेच्या आवारात १९६७ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. हातात संविधान, बोट पुढे. तो पुतळा तेव्हापासून आपल्या मुखपृष्ठांवर मुक्कामाला आहे. आत गाणी असोत, चरित्र असो, कायद्याची माहिती असो, स्पर्धा परीक्षेचं गाईड असो, वर तोच निळा सूट. चेहरा सगळ्यांवर असला की तो कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. वाचक चेहऱ्याला हात जोडतो, पुस्तक घरी नेतो आणि कपाटावर ठेवतो. भक्ती राजकारणात माणसाला कुठं नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावून सांगितलं आहे. मुखपृष्ठाला ते लागू नाही काय? कित्येकदा मुखपृष्ठ गुळगुळीत, चाररंगी, आणि आत शुद्धलेखनाची माती. ही आपल्याच माणसाची फसवणूक आहे. मुखपृष्ठ खोटं बोललं की वाचक पुढच्या वर्षी येत नाही.

आणि बाबासाहेबांनी स्वतः पुस्तक कसं विकलं? 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली त्यांनी स्वखर्चाने छापलं. किंमत आठ आणे. गांधींनी 'हरिजन'मधून सल्ला दिला, किंमत दोन आणे करा, निदान चार तरी. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ते शीर्षकच मुखपृष्ठ होतं. जातीत सुधारणा नाही, जातीशी समेट नाही, उच्छेद. त्यापुढे कसली वेलबुट्टी टिकणार? ह्याच पुस्तकाची टिपांसह आवृत्ती २०१४ साली नवयान प्रकाशनाने काढली, अरुंधती रॉय यांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेसह. ती प्रस्तावना नि ते नाव मुखपृष्ठावर आलं. अनेक आंबेडकरी लेखक-कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. मला ती हरकत मुखपृष्ठाचा प्रश्न म्हणूनही महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांपर्यंत जायला दारात दुसऱ्याचं नाव कशाला? त्याच प्रकाशनाने २०११ साली 'भीमायन' काढलं, हेही सांगितलं पाहिजे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी माणसं चौकोनी चौकटीत कोंडायला नकार दिला. विखारी बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी काढली. हे आतल्या पानांचं उदाहरण, पण धडा मुखपृष्ठालाही आहे. चित्राची भाषा उसनी आणायची गरज नसते.

तेव्हा मित्रांनो, पुढचा अंक, पुढची पुस्तिका काढताना पैसा नाही ही सबब सांगू नका. स्टेन्सिलवर मोठा भरीव काळा भाग धरत नाही, कागद फाटतो, शाई पसरते. ठीक आहे, रेषेने काढा. रेषेला पैसा लागत नाही, नजर लागते. शीर्षक पाच हातांवरून वाचता येईल एवढं मोठं करा. किंमत लपवू नका. माणूस काढलात तर त्याचे डोळे काढा. बाई काढलीत तर तिला काहीतरी करताना काढा. बाबासाहेब काढलेत तर आतल्या मजकुराशी त्यांचं काय नातं आहे ते स्वतःला विचारून काढा. नातं सापडलं नाही, तर नुसती अक्षरं छापा. चांगलं अक्षर हेही चित्रच असतं.

छापायच्या आधी ते पान जमिनीवर आडवं ठेवा, चार पावलं मागं या आणि वस्तीतल्या एखाद्या न शिकलेल्या माणसाला विचारा, ह्यात काय दिसतं? तो 'बिचारा' म्हणाला, तर स्टेन्सिल फाडून टाका. 'हा काय करतोय?' असं विचारलं, तर मशीन फिरवा.