आयुष्याचे प्रयोजन आणि ‘स्मृतिचित्रे’

धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील पहिला प्रश्न आम्हा सर्वांना बालपणापासून पाठ आहे : देवाने मला कशासाठी निर्माण केले? उत्तरही पाठ आहे. त्याला ओळखावे, त्याच्यावर प्रेम करावे, त्याची सेवा करावी आणि अखेर त्याच्या सान्निध्यात चिरकाल राहावे, यासाठी. मात्र पाठ असलेले उत्तर आणि पटलेले उत्तर यांत किती अंतर असते, याची जाणीव आम्हाला आमच्या धर्मग्रामाच्या वाचनमंडळात झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “निवृत्तीच्या दिवशी फाटकावर गेटपास परत केला. त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर मी कोण, हेच कळत नाही.” क्षणभर कोणीच बोलले नाही. पुढील बैठकीसाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ निवडले, ते या वाक्यामुळे.

हे वाक्य एका माणसाचे नाही, आमच्या साऱ्या परिसराचे आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामागून मोटारींचे, स्कूटरचे, सुट्या भागांचे कारखाने आले. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. पुढे चाकणचे माळही कारखान्यांनी भरले. अहमदनगर जिल्ह्यातून (आजच्या अहिल्यानगरातून), मराठवाड्यातून, गोव्यातून आणि दक्षिणेतून आमची कुटुंबे येथे आली, ती पोटासाठी. मिस्साची वेळ शिफ्ट पाहून ठरू लागली. माणसाची ओळखही तो कोणत्या कंपनीत आहे आणि परमनंट आहे की कंत्राटी, यावरून होऊ लागली. अशा ठिकाणी आयुष्याचे प्रयोजन आणि नोकरी या दोन गोष्टी नकळत एकच होऊन बसतात. मग नोकरी संपली की प्रयोजनही संपते. ज्या तरुणाचे कंत्राट काही महिन्यांनी संपणार असते, त्याला तर ते गवसतच नाही.

‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. चौथा भाग बाहेर पडला, तेव्हा लेखिका हयात नव्हती. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे पती. दोघेही प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाच्या अंतःकरणाचा इतका प्रांजळ आलेख दुसरा नाही, म्हणून तो आपलाही ठेवा आहे. या ग्रंथाची विनोदबुद्धी आणि घरगुती भाषा यांची स्तुती पुष्कळ झाली आहे. आम्हास येथे निराळा प्रश्न विचारायचा आहे : आयुष्य कशासाठी, याचे कोणते उत्तर या ग्रंथातून मिळते?

टिळकांचा मार्ग धर्मशिक्षणाच्या क्रमाने जाणारा होता. वाचन, वादविवाद, नव्या कराराचे चिंतन, आणि मग 1895 साली स्नानसंस्कार. आधी ओळख, नंतर प्रेम, मग सेवा. ज्या तुकोबांचे ऋण टिळक आयुष्यभर मानीत आले, त्यांचे देहू आपल्या शेजारी आहे आणि त्यांच्या चिंतनाचा भामचंद्र डोंगर चाकणच्या कारखान्यांजवळच उभा आहे. त्या परंपरेतला हा साधक होता.

लक्ष्मीबाईंचा मार्ग याच्या उलट दिशेने गेला. वडिलांच्या घरी सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले मीठ आणि साखरही धुऊन घेतली जाई. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार उन्मळला. काही वर्षे त्या दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही आणि टिळकांनी सक्ती केली नाही. मग एके दिवशी विचार करता करता त्यांना उमगले, की हे उच्चनीच माणसांनी केले आहे, देवाने नव्हे. या विचाराची परीक्षा त्यांनी ग्रंथात घेतली नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिऊन घेतली. 1900 सालचा त्यांचा स्नानसंस्कार त्यानंतरचा. पुढे घरात परक्यांची मुले वाढली. अहमदनगरात प्लेग आला, तेव्हा ज्या छावणीच्या वाटेला लोक फिरकत नसत, तेथे त्या रुग्णांच्या शुश्रूषेस गेल्या. टिळकांनी देवाला ओळखले आणि मग सेवा केली. लक्ष्मीबाईंना माणसांचे करता करता देवाची ओळख पटली.

आमच्या मते या ग्रंथाचे मर्म येथे आहे. लक्ष्मीबाई आपल्या कामाला कोठेही ‘पाचारण’ म्हणून मिरवीत नाहीत. स्वयंपाक, आजारपण, पैशाची ओढाताण, पतीचा विसरभोळेपणा, याच गोष्टींनी पाने भरली आहेत. पण त्या कामांच्या पलीकडे प्रयोजन असे काही निराळे शोधावे लागत नाही, कारण प्रत्येक काम कोणासाठी तरी केलेले आहे. 1919 साली टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. कधीही शाळेत न गेलेल्या या विधवेने ते महाकाव्य पुढे नेले. पत्नी या भूमिकेचा गेटपास काळाने परत घेतला, तरी लक्ष्मीबाई उरल्या.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 साली श्रमांवर लिहिलेल्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात हेच सूत्र तत्त्वरूपाने मांडले आहे. श्रमाचे मोल काय निर्माण झाले यावर ठरत नाही, ते करणारा मनुष्य आहे यावर ठरते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. हे वाचल्यावर कंत्राटी तरुणाला न्याय्य वेतन मिळावे, ही मागणी केवळ युनियनची राहत नाही, श्रद्धेची होते. त्याला केवळ ‘संयम ठेव’ असे सांगणारे प्रवचन अपुरे आहे, हेही आम्ही स्पष्टपणे म्हणू.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लक्ष्मीबाईंच्या प्रार्थनेविषयी फारच थोडे कळते. आत्म्याच्या झुंजीच्या ऐन क्षणी त्या एखादा विनोद करून पुढे जातात. दुसरी उणीव अधिक मोठी. ही कहाणी एका ब्राह्मण घराची आहे. नगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार, मांग समाजांतून आली. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे, ही लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मुक्ती होती. ज्यांच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते, त्यांच्या दृष्टीने मुक्ती काय होती, ते या ग्रंथात त्यांच्या तोंडून येत नाही. आणि तेच तर आमच्यापैकी अनेकांचे आजे-पणजे होते. हा दोष लक्ष्मीबाईंचा नाही. त्यांनी आपले लिहिले. आम्ही आमचे लिहिले नाही.

म्हणून वाचन संपल्यावर आम्ही त्या ज्येष्ठ सभासदांना विनंती केली, की त्यांनी लिहावे. ते म्हणाले, “माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे? मशीनवर उभा होतो.” आम्ही विचारले, “कोणासाठी उभे होता?” ते थोडे थांबले. मग आईचे नाव घेतले, धाकट्या बहिणींची नावे घेतली, आणि ज्या शिकाऊ मुलांना हाताला धरून काम शिकवले, त्यांचीही नावे एकामागून एक घेऊ लागले. यादी लांबत गेली. धर्मशिक्षणातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना पाठ होतेच. ते आपण जगलो आहोत, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढल्या बैठकीला त्यांनी दोनशे पानी वही आणली. पहिले पान लिहून झाले आहे.