असहायता, धैर्य आणि पोच : मराठी कथनसाहित्यातील नोकरीचे जग

१

मराठी कथा-कादंबरीत नोकरी करणारी माणसे विपुल आहेत. नोकरी मात्र क्वचितच आहे. कारकून, मास्तर, प्राध्यापक ही पात्रे बहुधा घरी परतल्यावर लेखकाच्या हाती लागतात. दिवसाचे आठ तास ती जिथे काढतात ती जागा पार्श्वभूमी म्हणून उरते. त्यामुळे कामाच्या ठिकाणी माणूस अन्याय उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि तरीही गप्प का राहतो, हा प्रश्न समीक्षेनेही 'मध्यमवर्गीय भित्रेपणा' अशा एका शेऱ्यात मिटवला. हा शेरा निवाडा आहे, स्पष्टीकरण नव्हे. त्यात व्यक्तीचा स्वभाव दोषी ठरतो आणि तो स्वभाव घडवणारी जागा निर्दोष सुटते.

हे स्पष्टीकरण शोधताना मानसशास्त्रातील 'अर्जित असहायता' ही संकल्पना उपयोगी पडते. मात्र ती साहित्यावर जशीच्या तशी बसवता येत नाही. तिच्या मर्यादा साहित्यकृतीच दाखवून देतात. नेमाडे यांचे चांगदेव चतुष्टय, बाबुराव बागुल यांची एक कथा आणि तेंडुलकरांचे एक नाटक यांच्या आधारे या मर्यादा तपासून, अखेरीस घोडेगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न कोणते रूप घेतो ते पाहणे, एवढाच येथे हेतू आहे.

२

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा मूळ प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या एका गटाला दिलेले विजेचे धक्के त्यांना डोक्याने फळी दाबून थांबवता येत होते. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, पण काहीही केले तरी ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला या टप्प्यावर धक्के दिलेच नव्हते. पुढे सर्वांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवण्यात आले. मधला अडसर उडी मारून ओलांडला की सुटका होती. दुसऱ्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश कुत्रे उडी न मारता धक्के सोसत पडून राहिले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या कुत्र्यांना दोरीने धरून पुन्हा पुन्हा पलीकडे ओढत नेण्यात आले. तेव्हा कुठे ते आपणहून उडी मारू लागले.

साहित्याच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षांनी घडली. २०१६ साली या दोघांनी, मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे, आपलाच सिद्धान्त उलटा केला. त्यांच्या नव्या मांडणीप्रमाणे निष्क्रियता ही शिकलेली गोष्ट नाही; दीर्घकाळ चाललेल्या त्रासाला प्राणिमात्राने दिलेला तो मूळचाच प्रतिसाद आहे. शिकावे लागते ते याच्या उलट : आपल्या कृतीने काही बदलते, हे. ज्याला हा अनुभव आधी मिळालेला असतो तो पुढच्या आघातात सहसा कोसळत नाही.

या दुरुस्तीचा साहित्यविचाराला होणारा लाभ असा की, धैर्य ही माणसाची मूळ अवस्था आणि भित्रेपणा हे तिचे पतन, हा आपला गृहीत क्रम बदलतो. धैर्याला शिकण्याची जागा लागते, पूर्वानुभव लागतो. शेवटच्या प्रकरणात अचानक 'जागे होणारे' पात्र वाचकाला पोकळ का वाटते, याचे एक उत्तर येथे आहे : लेखकाने त्याला जागे होण्यापूर्वी एकदाही फळी दाबू दिलेली नसते.

परंतु प्रयोगाच्या पेटीत दोन गोष्टी गृहीत आहेत. पहिली, पलीकडचा कप्पा सुरक्षित आहे. दुसरी, कुत्रा एकटा आहे. त्याच्या उडीने किंवा पडून राहण्याने दुसऱ्या कोणाला धक्का बसत नाही. नोकरीच्या जगात या दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

३

पहिले गृहीतक भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयात निकालात निघते. 'बिढार' आणि 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७), 'झूल' (१९७९) या क्रमात चांगदेव पाटील हा इंग्रजीचा अधिव्याख्याता खाजगी शिक्षणसंस्थांच्या कॉलेजांतून फिरत राहतो. संस्थाचालकांची मर्जी, जातींचे गट, नोकरीची अनिश्चिती, या सर्वांकडे तो निर्भ्रांत नजरेने पाहतो. त्याला असहाय म्हणणे कठीण आहे, कारण त्याच्याजवळ एक कृती निश्चित आहे : सोडून जाणे. बिऱ्हाड उचलणे ही त्याची उडी आहे. ती तो मारतो, पण पलीकडच्या कप्प्यातही वीज चालूच असते. गाव बदलते, संस्थाचालकाची जात बदलते. रचना तीच राहते.

म्हणूनच चांगदेवच्या अलिप्ततेला निष्क्रियता म्हणणारी टीका आणि तिलाच स्वातंत्र्य म्हणणारी प्रशंसा, दोन्ही अपुऱ्या पडतात. सुटका आणि नैतिक धैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि चतुष्टय त्यांतील अंतर वाचकाला चार कादंबऱ्यांच्या लांबीत भोगायला लावते. चांगदेव स्वतःला भ्रष्ट होऊ देत नाही, हे मोठेच. पण त्याने सोडलेल्या खुर्चीवर दुसरा अधिव्याख्याता येऊन बसतो आणि त्याच्यासाठी काहीही बदललेले नसते. नेमाडे हे लपवीत नाहीत. चतुष्टयाची अस्वस्थता चांगदेवच्या सोसण्यात जितकी आहे तितकीच या निष्फळ शुचितेत आहे.

४

दुसरे गृहीतक, म्हणजे सोसणाऱ्याचे एकटेपण, बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत मोडते. रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे आलेला दलित निवेदक जात लपवून राहतो. त्याच जागी काशीनाथ हा दुसरा दलित कामगार आहे. तो काहीही लपवीत नाही आणि अपमान झाला तर उसळतो. निवेदकाजवळ शिक्षण आहे, काव्य आहे, नव्या भारतावरचा विश्वास आहे. पण त्याचे सुरक्षितपण मौनावर उभे आहे, आणि काशीनाथच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीपुढे हे मौन निरपराध राहत नाही. अखेर जात उघड होते, निवेदकाला मारहाण होते आणि धावून येतो तो काशीनाथ.

या कथेची चर्चा बहुधा जातवास्तवाच्या दाहकतेपुरती होते. तिची नैतिक रचनाही तितकीच मोलाची आहे. जात चोरणे ही येथे व्यक्तिगत दुर्बलता नाही. डोक्यावर छप्पर मिळवण्याची ती अट आहे. त्यामुळे कथा निवेदकाला दोषी ठरवीत नाही. मात्र त्याच अटीखाली जगणारा काशीनाथ त्याच्या शेजारी उभा करून ती वाचकाला विचारते, की दुसऱ्याच्या अंगावर येणारा घाव आपल्या अंगावर घेण्याचे बळ कोठून येते? पेटीतील प्राणी धक्का चुकवतो. काशीनाथ तो ओढवून घेतो. 'आपल्या कृतीने काही बदलते' या अनुभवाला 'दुसऱ्यासाठी' हे पद जोडल्याशिवाय नैतिक धैर्याची व्याख्या पुरी होत नाही, आणि हे पद प्रयोगशाळेत सापडत नाही.

'दुसऱ्यासाठी' या पदाचा सोयीस्कर वापरही होऊ शकतो, याची जाणीव तेंडुलकरांच्या 'कमला' (१९८१) या नाटकाने दिली आहे. बायकांचा बाजार उघडकीस आणण्यासाठी जयसिंग जाधव हा पत्रकार एक स्त्री विकत घेऊन पत्रकार परिषदेत उभी करतो. व्यवसायाच्या दृष्टीने हे धाडस खरे आहे. पण त्याला कमलाच्या असहायतेचा पुरवठा लागतो. घरात सरिता त्याच मालकीहक्काखाली वावरते. पुढे बड्या लोकांच्या दडपणामुळे जयसिंगचीच नोकरी जाते, आणि नवऱ्याला जाब विचारायला निघालेली सरिता त्या क्षणी थांबते. आपला दिवस येईल एवढा विश्वास मात्र ती सोडत नाही. तिचे थांबणे पराभव नाही. आपण कोणत्या पेटीत आहोत हे तिला कळले आहे, आणि नाटक त्याहून पुढची खोटी उडी तिला मारायला लावत नाही.

५

चांगदेवला कॉलेज सोडता येते. बागुलांचा निवेदक आणि काशीनाथ परगावी आलेले आहेत. पण सोडून जाण्याजोगा दुसरा कप्पा जिथे सहसा नसतो, अशी जागा म्हणजे तालुक्याची कचेरी. पुणे जिल्ह्यातील घोडेगाव हे घोड नदीकाठचे गाव आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. तहसील कचेरी, पंचायत समिती, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी माणसाला दाखल्यापासून आश्रमशाळेपर्यंतच्या कामांसाठी इथेच यावे लागते. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका चालतो ते गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. कचेरीच्या पाटीवर बुडालेल्या गावाचे नाव आहे. अशा पाटीखाली अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्याला असहायता वेगळी शिकवावी लागत नाही.

पण असहायता टेबलाच्या दोन्ही बाजूंना असते. कोणत्याही कचेरीत कारकुनाला बदली, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी यांचे धक्के माहीत असतात. त्याचे नैतिक धैर्य फार क्वचित मोठ्या भाषणाचे रूप घेते; बहुधा ते एका 'पोच'एवढे असते. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, असे बंधन शासनावर घातले. हे दिवस मोजायचे तर अर्जावर तारीख हवी. तारखेची पोच देणारा कारकून नियमापलीकडचे काहीच करीत नाही. तरीही वरून 'अर्ज ठेवून घे, पोच देऊ नको' असे तोंडी सांगितले गेले असेल तर त्याचा शिक्का हा धैर्याचाच प्रकार ठरतो. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा, किंवा त्याच वर्षीचा माहितीच्या अधिकाराचा कायदा, अशा माणसाच्या हाती फळी देतात; ती दाबण्याचे काम मात्र त्याचेच असते. अर्जदारालाही पहिल्यांदा कोणी सोबत करून कचेरीत न्यावे लागते. येथे दोरी नसून हात असतो, हा प्रयोगापेक्षा निर्णायक फरक. पोच एकदा हाती आली आणि काम निघाले, की पुढच्या वेळी तो एकटा येऊ शकतो.

याच तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. गाव जागेवर नाही ही वार्ता बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाकडून. ही कोणत्याही सत्तेविरुद्धची झुंज नव्हती. पण कामावर असताना जे दिसले ते आपल्याशी संबंधित आहे असे मानणे आणि ते कळवणे, ही नैतिक धैर्याची पहिली पायरी आहे, आणि कचेरी सर्वप्रथम हीच पायरी झिजवते : पाहिले, पण नोंदले नाही.

६

मराठी कादंबरीने टेबलाच्या अलीकडची बाजू समर्थपणे लिहिली आहे. महसूल प्रशासनाचा अनुभव असलेल्या विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) ही धरणग्रस्तांची कादंबरी त्याची मोठी साक्ष आहे. परंतु तिचे अंतःकरण स्वाभाविकपणेच विस्थापितांकडे आहे. पलीकडचा कर्मचारी बहुधा भिंतीसारखा दिसतो. त्या भिंतीत शिरून, पोच द्यावी की न द्यावी या क्षणाचे कथन करणारे लेखन अजून दुर्मीळ आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल, की धैर्याला शिक्क्याएवढे लहान केल्याने काशीनाथसारख्यांचा उद्रेक गौण ठरतो. तसे होण्याचे कारण नाही. काशीनाथ आकाशातून पडत नाही. उघडपणे वागण्याची किंमत त्याने रोज थोडी थोडी मोजलेली आहे, म्हणून अखेरच्या क्षणी तो धावतो. हे रोजचे मोजणे ज्या लेखनात दिसते तिथे धैर्य विश्वसनीय होते. मराठी समीक्षेनेही पात्राला 'भित्रे' किंवा 'बंडखोर' ठरवण्याआधी, लेखकाने त्याला काय करून पाहू दिले, त्यातून काय बदलले आणि त्याच्या शेजारी कोण होते, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे कथानकाच्या शेवटापेक्षा त्याच्या किरकोळ वाटणाऱ्या मधल्या पानांतच अधिक सापडतील.