‘पाहा’ म्हणजे उपपत्ति नव्हे

पायथागोरसाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सिद्धांताची गोष्ट निघाली कीं भास्कराचार्यांविषयींची एक आख्यायिका हटकून सांगण्यांत येते. आचार्यांनीं एक आकृति काढली, तिच्याखालीं ‘पाहा’ एवढाच शब्द लिहिला, आणि उपपत्ति पुरी झाली! सांगणारे ही गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगतात. आम्हांस मात्र या कौतुकांत आचार्यांचा थोडा उपमर्दच दिसतो.

इ. स. ११५० च्या सुमाराचा त्यांचा ‘बीजगणित’ ग्रंथ उघडला तर प्रकार निराळाच आढळतो. भुज १५ व कोटि २० असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण तेथें विचारला आहे, आणि त्याबरोबरच या रूढ गणिताची उपपत्तीहि मागितली आहे. उत्तराची एक रीत अशी: असले चार त्रिकोण कर्ण बाहेरच्या अंगास ठेवून मांडावे, म्हणजे कर्णावरील चौरस होतो व मध्यें एक लहान चौरस रिकामा राहतो. त्याची बाजू भुज-कोटींच्या अंतराइतकी, म्हणजे ५. चार त्रिकोणांचें क्षेत्रफळ ६००, मधल्या चौरसाचें २५. एकूण ६२५, आणि त्याचें मूळ २५ हाच कर्ण. पण आचार्य एका उदाहरणावर थांबत नाहींत. दोन राशींच्या गुणाकाराची दुप्पट व त्यांच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज त्या राशींच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते, हा बीजाचा नियम ते स्पष्ट सांगतात. कोणतेहि भुज घ्या, नियम अबाधित राहतो.

डोळ्यांवर सर्व भार टाकणें किती धोक्याचें असतें, हें वाचकांनीं घरींच पाहावें. आठ घरें लांब व आठ रुंद अशा कागदाचे चार तुकडे करावे: ८ व ३ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण, आणि समांतर बाजू ५ व ३ व उंची ५ असलेले दोन समलंब चौकोन. हे तुकडे फिरवून जोडले कीं १३ लांब व ५ रुंद आयत झालेला दिसतो. चौसष्टांचीं पांसष्ट घरें! तें एक घर कर्णाजवळच्या बारीक फटींत लपलेलें असतें. एका तुकड्याचा उतार ३/८, तर दुसऱ्याचा २/५. नजरेस हा भेद कळत नाहीं.

भास्कराचार्यांच्या आकृतींत अशी फट नाहीं, हें कशावरून? त्रिकोणाचे दोन लघुकोन मिळून एक काटकोन होतो, म्हणून बाहेरचा प्रत्येक कोपरा काटकोनच ठरतो. आणि प्रत्येक कोटीवर शेजारच्या त्रिकोणाचा भुज नेमका टेकतो, म्हणून आंतील बाजू अंतराइतकी उरते. हें समजल्यावांचून ‘पाहा’ म्हणणें व्यर्थ होय.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर यास युक्लिडाची उपपत्ति उंदराच्या सांपळ्यासारखी वाटे. सत्य एका नजरेंत प्रतीत व्हावें, असा त्याचा आग्रह होता. त्यानें दाखविलेलें चित्र सुंदर आहे खरें. परंतु तें दोन्ही भुज सारखे असलेल्या त्रिकोणाचें आहे. असमान भुजांचेंहि असेंच दाखवितां आलें पाहिजे, एवढें म्हणून तो पुढें गेला. १५ व २० भुजांच्या त्रिकोणास तें चित्र लावूं जावें, तर लागत नाहीं.