‘पूर्वभ्रूण’ : एका संज्ञेची चिकित्सा

मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या करून वाढविण्यात जेम्स थॉमसन यांना १९९८ मध्ये यश आले. सुमारे पाच दिवसांच्या भ्रूणातील आतला पेशीपुंज काढून घेतला म्हणजे तो भ्रूण नष्ट होतो. नैतिक वादाचे मूळ येथे आहे. या वादात संज्ञांनी बजावलेली कामगिरी मात्र पुरेशी तपासली जात नाही.

ब्रिटनमधील वॉर्नॉक समितीने १९८४ साली अशा संशोधनास १४ दिवसांची मर्यादा सुचविली. १५ व्या दिवसाच्या सुमारास भावी शरीराच्या अक्षाची पहिली रेषा उमटते. तोवर एका भ्रूणापासून जुळी संभवतात. समितीने ‘भ्रूण’ हाच शब्द ठेवला होता. पुढे काही अभ्यासकांनी या अवस्थेस ‘पूर्वभ्रूण’ म्हटले. आक्षेप आहे तो यास. जे युक्तिवादाने सिद्ध करावयाचे, ते उपसर्गानेच गृहीत धरले गेले.

विरुद्ध पक्षाचा दोषही याच जातीचा आहे. मराठीत ‘भ्रूण’ शब्दामागोमाग ‘हत्या’ जणू ओघानेच येते. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या समासात तर तो काही महिन्यांच्या गर्भास लावला जातो. ती छटा पाच दिवसांच्या पेशीगोलकावर लादणे हाही शब्दच्छलच होय.

सहाय्यक प्रजननतंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या भारतीय कायद्यात फलनापासून ५६ दिवसांपर्यंत ‘भ्रूण’ अशी व्याख्या आहे. मराठी लेखकानेही ‘भ्रूण’ हाच शब्द ठेवून शेजारी दिवस सांगावेत. मग रुग्णहितासाठी त्या भ्रूणाचा नाश समर्थनीय आहे काय, हा प्रश्न शब्दाआड लपणार नाही. त्याचे उत्तर उभय पक्षांना उघडपणे द्यावे लागेल.