अकोल्याचा इंग्रजी वर्ग : व्याकरण, नाटक आणि संग्राहकांचें दुर्लक्ष

वऱ्हाडांतील जुन्या इंग्रजी शिक्षणाविषयीं एक मत वारंवार मांडण्यांत येतें. तें असें कीं, त्या काळच्या शाळांनीं मुलांकडून व्याकरणाचे नियम घोकून घेतले व कचेऱ्यांना कारकून पुरविले. वाङ्मयाची गोडी ज्यांना लागली, त्यांना ती पुण्यामुंबईच्या कॉलेजांत लागली. हें मत आम्हांस अर्धेंच खरें वाटतें. त्याच्या परीक्षणास दूर जाण्याचें कारण नाहीं. अकोल्याच्या एका गुरुशिष्यांच्या जोडीनें छापलेलीं पुस्तकें त्यास पुरेशीं आहेत.

इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला, आणि पुढें अकोला व अमरावती येथें इंग्रजी हायस्कुलें निघालीं. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) गरिबीमुळें शिक्षणासाठीं फिरत अकोल्यास आले आणि १८७५ सालीं मॅट्रिक झाले. विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१-१९२३) हे तेथें त्यांचे शिक्षक. महाजनींची पुष्कळशी हयात वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत गेली. १९०७ च्या पुणें येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आतां पुस्तकें पाहूं. महाजनींनीं शेक्सपीअरच्या ‘सिंबेलाइन’वरून ‘तारा’ नाटक १८७९ सालीं प्रसिद्ध केलें. बडोद्यास झालेल्या त्याच्या प्रयोगाचें वर्णन हॅरल्ड लिट्लडेल यांनीं १८८० सालीं ‘मॅकमिलन्स मॅगझिन’ या विलायती मासिकांत केलें. ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’ व ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’वरून ‘वल्लभानुनय’ हींहि महाजनींचींच. शिष्यानें ‘हॅम्लेट’चें भाषांतर ‘विकारविलसित’ या नांवानें १८८३ त काढलें. दोन्ही नांवांतील ‘विलसित’ हा शब्द एकाच घरचा भासतो. परंतु आमचा भर याच्या पुढच्या पुस्तकावर आहे. १८८८ त आगरकरांनीं ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण’ हा ग्रंथ लिहून इंग्रजी शाळांतील वाक्यपृथक्करणाची पद्धति मराठीस लावून दाखविली. पांच वर्षांच्या अंतरानें एकाच लेखणींतून एक नाटक व एक व्याकरण उतरलें. व्याकरण घोकणारा एक व वाङ्मय भोगणारा दुसरा, ही वांटणी येथें टिकत नाहीं.

यावर असा आक्षेप निघेल कीं, आगरकर पुढें डेक्कन कॉलेजांत शिकले. श्रेय अकोल्यास कां द्यावें? कॉलेजाचा वांटा आम्ही नाकारीत नाहीं. तथापि वाक्य फोडून त्याचें उद्देश्य व विधेय दाखविणें हें काम कॉलेजांतलें नव्हे, शाळेंतलें. आणि शेक्सपीअर मराठींत आणणारा शिक्षक ज्या वर्गासमोर उभा होता, तो वर्ग केवळ नियमांचा असेल, हें संभवनीय वाटत नाहीं.

त्या पद्धतीचा गुण व दोष दोन्ही सांगितले पाहिजेत. मराठी मुलास इंग्रजीची पहिली अडचण शब्दांची नसून वाक्याच्या घडणीची असते. ‘रामानें आंबा खाल्ला’, ‘रामानें कैरी खाल्ली’, येथें क्रियापद रामाकडे न पाहतां आंब्याकडे व कैरीकडे पाहतें. इंग्रजींत फळ कोणतेंहि असो, क्रियापद जागचें हलत नाहीं. ‘मला भूक लागली’ यांत भूक येते; इंग्रजींत मनुष्य स्वतःच भुकेला असतो. ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ यांतील पुस्तक इंग्रजींत जातांच कर्म बनतें. पृथक्करणाच्या कोष्टकानें मुलास हा भेद डोळ्यांनीं दिसला, हा त्याचा मोठा गुण. दोष असा कीं, तें कोष्टक इंग्रजीच्या मापानें बेतलेलें होतें. कर्मणि व भावे प्रयोगांची जी व्यवस्था आमच्या व्याकरणानें संस्कृताच्या आधारें लावली, ती दोन रकान्यांत नीट मावत नाहीं. म्हणून कोष्टकाबरोबर भाषांतर लागतें, आणि भाषांतरास चांगलें वाङ्मय लागतें. नियम वाक्याचा सांगाडा दाखवितो; तो चालतो कसा, हें नाटकांतील बोलणें दाखवितें. आजहि इंग्रजीच्या पहिल्या वर्गास ही गोष्ट लागू आहे.

येथवर आम्ही जें म्हटलें, तें छापील ग्रंथांवरून केलेलें अनुमान होय. त्याचा पक्का पुरावा वर्गांतल्या कागदांतच मिळावयाचा, आणि येथेंच संग्राहकांचा दोष आम्हांस स्पष्ट सांगणें भाग आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४-१९३८) यांच्या इंग्रजी रोजनिशा जतन झाल्या, कारण त्यांत थोरांचे उल्लेख आहेत. सनद, महजर, पोथी यांना कपाट मिळतें. ‘तारा’ची पहिली आवृत्तिहि कोणी जपतो. पण ज्या वह्यांत मुलांनीं इंग्रजी वाक्यें फोडलीं, ज्या वाचनपुस्तकांच्या ओळींमध्यें पेन्सिलीनें मराठी अर्थ लिहिले, त्या रद्दीच्या तराजूंत जातात. त्यांस किंमत नाहीं असें समजून आपणच त्या बाहेर ठेवितों, आणि मागून शाळांनीं केवळ घोकंपट्टी केली असा निकाल देतों. साक्षीदारास दारांतून परतवून दिलेला निकाल न्यायाचा नव्हे.

अकोला, अमरावती, एलिचपूर येथील जुन्या वाड्यांतून अशा वह्या मिळाल्यास संग्राहकांनीं त्या फेंकूं नयेत. मुलाचें नांव, इयत्ता, शाळा, साल जसें असेल तसें टिपावें. समासांतल्या खुणा पुसूं नयेत. नवीन बांधणी करतांना कडा कापूं नयेत, कारण गुरुजींचा लाल शेरा बहुधा तेथेंच असतो. आगरकरांच्या मॅट्रिकला आतां दीडशें वर्षें होऊन गेलीं. कागद याहून फार काळ वाट पाहणार नाहीं.